काठी : आपला तिसरा पाय

पावसाळा सरत आला की शाळांच्या सहली गडांवर निघतात. चढताना सर्वांना उत्साह असतो. कोण आधी पोहोचतो याची शर्यतही लागते. खरी परीक्षा होते ती उतरताना. निम्मा गड उतरून होतो न होतो तोच मांड्या भरून येतात, गुडघे लटपटू लागतात, आणि मुरमाड वाटेवर पाय ठेवला की तो सुर्रकन पुढे जातो. अशा वेळी बरोबरचा गावकरी वाटाड्या एखादी वाळलेली कारवीची काठी पुढे करतो. आपण हसतो आणि म्हणतो, "काठी? ती तर म्हाताऱ्यांसाठी!"

आता गंमत पाहा. घरी आजोबांचा गुडघा किंवा खुबा दुखत असतो. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलेली असते. पण काठी दाराआड उभी असते आणि आजोबा भिंतीला हात लावत चालत असतात. कारण विचारले तर तेही म्हणतात, "मी काय म्हातारा झालो का?"

नातू आणि आजोबा, दोघांचीही समजूत एकच, आणि दोघांचीही चुकीची. काठी हे वयाचे चिन्ह नाही. ते एक यंत्र आहे. त्यात चाके नाहीत, दाते नाहीत, तरीही ते यंत्रच आहे. कारण ते बलाची दिशा आणि जागा बदलून आपले काम हलके करते. मात्र कोणतेही यंत्र चुकीच्या रीतीने वापरले तर फायदा होत नाही, उलट इजा होते. काठीचेही तसेच आहे. ती कोणत्या हातात धरावी, केवढी असावी, किती तिरपी टेकवावी, या प्रत्येक प्रश्नाला पदार्थविज्ञानाचे उत्तर आहे, आणि ती सारी उत्तरे तुमच्या पाठ्यपुस्तकातच दडलेली आहेत. चला, ती शोधू या.

दोनाचे तीन झाले की

तीन पायांचे तिवई-स्टूल कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही. माणूस मात्र दोनच पायांवर उभा असतो. आपला गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली, ओटीपोटात असतो. त्यातून सरळ खाली ओळंबा सोडला असे समजा. हा ओळंबा दोन्ही पावलांनी वेढलेल्या जागेत पडत असेल तोवर आपण उभे राहतो. त्या जागेबाहेर गेला की तोल जातो. या जागेला आधारक्षेत्र म्हणतात.

हे क्षेत्र केवढे असते? पावले थोडी अलग ठेवून कागदावर उभे राहा आणि मित्राला बाहेरची कड आखायला सांगा. समजा, लांबी २५ सेंटिमीटर आणि रुंदी २५ सेंटिमीटर भरली. म्हणजे क्षेत्रफळ झाले सुमारे ६२५ चौरस सेंटिमीटर. आता काठीचे टोक पावलांच्या पुढे ५० सेंटिमीटरवर टेकवा. २५ सेंटिमीटर पायाचा आणि ५० सेंटिमीटर उंचीचा एक त्रिकोण वाढला. त्याचे क्षेत्रफळही ६२५ चौरस सेंटिमीटर! एका काठीने आधारक्षेत्र दुप्पट झाले.

चालताना तर काठीची गरज अधिकच असते. कारण प्रत्येक पाऊल उचलताना काही क्षण आपण एकाच पायावर असतो, आणि तेव्हा आधारक्षेत्र एका तळव्याएवढेच उरते. काठी असेल तर त्या क्षणी निदान दोन ठिकाणी आधार मिळतो.

काठी किती भार घेते?

यासाठी एक प्रयोग करा. उभे राहून वजन करण्याचा काटा घ्या. त्यावर उभे राहून आपले वजन पाहा. आता काठी काट्याबाहेर जमिनीवर टेकवून ती हाताने दाबा. आकडा कमी होईल. ५० किलोग्रॅम दाखवणारा काटा ४४ वर आला, तर ६ किलोग्रॅमचा भार तुमच्या हातातून, काठीतून, सरळ जमिनीत गेला. तेवढा भार पायांवरून उतरला.

आता काठीचे टोक काट्याच्याच फळीवर ठेवा आणि पूर्वीसारखे दाबा. आकडा पुन्हा ५०! कितीही जोर लावा, तो हलणार नाही. असे का? विचार करा. भार काठीतून गेला खरा, पण तो पुन्हा काट्यावरच उतरला. भार नाहीसा होत नसतो. तो एका वाटेऐवजी दुसऱ्या वाटेने जमिनीत जातो, इतकेच.

काटा दाखवतो त्या सहा-आठ किलोग्रॅमने असा काय फरक पडणार, असे तुम्हाला वाटेल. पण सांध्यातला फरक याहून पुष्कळच मोठा असतो. तो समजण्यासाठी आपल्याला तरफेकडे जावे लागेल.

कोणत्या हातात धरावी?

आजोबांचा उजवा खुबा दुखतो. काठी कोणत्या हातात हवी? दहांपैकी बरेच जण सांगतील, "उजव्या! दुखरी बाजू उजवी ना?" उत्तर आहे, डाव्या हातात. आता कारण पाहू.

आजोबांचे वजन ६० किलोग्रॅम आहे असे समजा. चालताना ते उजव्या पायावर उभे आहेत आणि डावा पाय हवेत आहे. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे उजवा पाय सोडून बाकीच्या शरीराचे ५० किलोग्रॅम उजव्या खुब्याच्या सांध्यावर तोललेले आहेत. पण हे वजन सांध्याच्या बरोबर वर नाही. ते शरीराच्या मध्याकडे, सांध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर डावीकडे आहे. त्यामुळे कंबर डावीकडे कलू पाहते. तिला कलू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ते सांध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरच दूर असतात.

ही झाली एक तरफ. टेकू म्हणजे खुब्याचा सांधा, भारभुजा १० सेंटिमीटर, बलभुजा ५ सेंटिमीटर. तरफेचा नियम लावा :

५० × १० = बल × ५
म्हणून बल = १०० किलोग्रॅम-भार.

म्हणजे कंबर समतोल ठेवण्यासाठी स्नायूला १०० किलोग्रॅम-भाराइतका ओढा लावावा लागतो. आणि टेकूवर? सी-सॉच्या दोन्ही टोकांना बसलेल्या मुलांचे वजन मधल्या टेकूला सोसावे लागते, तसेच इथेही. ५० अधिक १००, म्हणजे १५० किलोग्रॅम-भार! साठ किलोग्रॅमच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला अडीचपट वजन पडते. हे गणित केवळ कागदावरचे नाही. दाब मोजणारी उपकरणे बसवलेले कृत्रिम सांधे ज्या रुग्णांना बसवले, त्यांच्या चालण्याची मोजमापे घेतली गेली आहेत. तीही वजनाच्या सुमारे अडीचपटच भरतात.

आता आजोबांच्या डाव्या हातात काठी द्या. ती उजव्या खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर टेकते. समजा, ते तिच्यावर फक्त ८ किलोग्रॅमचा भार देतात. जमीन तितक्याच बलाने काठीला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम आठवला ना? हे वर ढकलणे कलणाऱ्या बाजूला होते, म्हणून ते स्नायूंना मदत करते.

८ × ४० = ३२०. एकूण कल ५०० होता. उरला १८०.
१८० ÷ ५ = ३६ किलोग्रॅम-भार.

स्नायूचा ओढा १०० वरून ३६ वर आला. सांध्यावरचा भार झाला ५० + ३६ − ८ = ७८ किलोग्रॅम-भार. दीडशेचे अठ्ठ्याहत्तर! हाताने दिले आठ, आणि सांध्यावरून उतरले बहात्तर. लांब भुजेची किमया ती हीच. आकडे ठोकळ आहेत, कारण प्रत्येकाच्या शरीराची मापे वेगळी. पण तत्त्व तेच राहते.

आणि काठी उजव्या हातात धरली तर? मग जमिनीचे वर ढकलणे टेकूच्या दुसऱ्या बाजूला होते. कंबर डावीकडे कलत असताना उजवी बाजू वर ढकलली, तर कल वाढेल की कमी होईल? वाढेल. तो सावरण्यासाठी माणूस आपले सगळे धड उजवीकडे झुकवतो आणि हिंदकळत चालू लागतो. काठी हातात असूनही चाल बिघडलेली अशी पुष्कळ माणसे तुम्ही रस्त्यावर पाहिली असतील. आता त्यांच्या काठीचा हात कोणता आहे ते नीट पाहा.

खुब्याच्या सांध्याचे हे यंत्रशास्त्र जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख पाउवेल्स यांनी १९३५ साली सविस्तर मांडले. पुढे १९५६ साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी काठी टाकून देऊ नका, असे आपल्या व्यवसायबंधूंना लेख लिहून बजावले. लाजेपोटी काठी टाळणारे रुग्ण तेव्हाही होतेच.

दुखऱ्या पायाबरोबरच पलीकडच्या हातातली काठी पुढे टाकावी. हे जड जात नाही. कारण एरवीही चालताना उजव्या पायाबरोबर आपला डावा हात पुढे जातच असतो.

जिन्याचा नियम

जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. हा नियम पाठ करण्याऐवजी त्याचे कारण समजून घ्या. चढताना वरच्या पायरीवरचा पाय सगळे शरीर उचलतो. उतरताना वरच्याच पायरीवर मागे राहिलेला पाय वाकत वाकत शरीर खाली सोडतो. म्हणजे दोन्ही वेळा कष्ट पडतात ते वरच्या पायरीवरच्या पायाला. म्हणून तो चांगला असावा. जिन्याला कठडा असेल तर एक हात कठड्यावर हवाच.

काठी केवढी असावी?

नेहमीच्या चपला-बूट घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटाची आडवी रेघ जिथे येते तिथवर काठीची मूठ यावी. मग काठी धरली की कोपर किंचित, वीस ते तीस अंश वाकलेले राहते आणि दाबायला जोर येतो. काठी फार लांब असेल तर खांदा वर उचलला जातो आणि भार देता येत नाही. आखूड असेल तर माणूस पुढे वाकतो, गुरुत्वमध्य पुढे सरकतो, आणि ज्या तोलासाठी काठी घेतली तोच बिघडतो. घरातली काठी बहुधा कोणाची तरी जुनी, वापरात नसलेली असते. तिची लांबी मोजून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही!

काठीच्या टोकाचे रबरही उलटून पाहा. त्यावर मोटारीच्या टायरसारखे खाचखळगे असतात. ते झिजून गुळगुळीत झाले की ओल्या फरशीवर काठी सरकते. रबर बदलायला फार खर्च येत नाही. न बदलल्यास मात्र खुब्याचे हाड मोडण्याची पाळी येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते.

काठी सांगते काही

काठीवर भार देण्याइतकेच महत्त्वाचे तिचे दुसरे काम आहे. ते म्हणजे मेंदूला खबर देणे. १९९४ साली जॉन जेका आणि जेम्स लॅकनर या शास्त्रज्ञांनी माणसांना एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे केले. या स्थितीत, विशेषतः डोळे मिटले की, शरीर डुलू लागते. मग त्यांना बोटाचे टोक एका स्थिर पट्टीला नुसते टेकवू दिले. दाब एक न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅमच्या वजनाइतका. एवढ्याने शरीर तोलून धरता येणार नाही, हे उघड आहे. तरीही डुलणे पुष्कळ कमी झाले!

याचे कारण असे की बोटाची त्वचा आणि हाताचे स्नायू मेंदूला कळवतात, "शरीर इकडे सरकले, तिकडे सरकले." मेंदू तत्काळ पायांच्या स्नायूंना सावरण्याची आज्ञा देतो. काठीच्या टोकाकडून हाताला मिळणारी खबर अशीच कामी येते. अंधारात, धुक्यात किंवा गवताने झाकलेल्या वाटेवर काठी पुढचा दगड हलतो आहे की पक्का आहे हे पाय ठेवण्याआधीच सांगते. हा प्रयोग तुम्हीही करू शकता. मात्र शेजारी मित्राला उभे करूनच.

गड उतरताना

आता घरातून पुन्हा गडावर जाऊ. चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यावर, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. असे का?

समजा, तुमचे पाठपिशवीसह वजन ६० किलोग्रॅम आहे आणि तुम्ही ६०० मीटर उतरता. सोयीसाठी गुरुत्वत्वरण १० धरले, तर तुमची स्थितिज ऊर्जा ६० × १० × ६००, म्हणजे ३ लाख ६० हजार ज्यूलने कमी होते. ही ऊर्जा जाते कुठे? ती गतिज ऊर्जा झाली असती तर तुम्ही पायथ्याशी तोफेच्या गोळ्यासारखे आदळला असता! तसे होत नाही, कारण प्रत्येक पावलाला स्नायू ब्रेक लावतात आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू आखडण्यासाठी जोर लावत असतो, आणि त्याच वेळी गुडघा वाकल्यामुळे तो लांबत असतो. अशा ओढाताणीत त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तीच एक-दोन दिवसांनी ठणकते.

२० सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ६०० मीटर उतरायला ३,००० पावले टाकावी लागतात. प्रत्येक पावलाला ५ किलोग्रॅमचा भार हातांनी घेतला, तर सगळ्यांची बेरीज १५,००० किलोग्रॅम, म्हणजे १५ टन होते. गुडघ्यांवरून टप्प्याटप्प्याने उतरलेले हे ओझे आहे.

ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या संशोधकांनी १९९९ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. २५ अंशांच्या उतरणीवरून माणसांना दोन काठ्यांसह आणि काठ्यांविना चालवले. काठ्या वापरताना गुडघ्यावर येणारी बले १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरली. मात्र यासाठी काठी पावलाच्या आधी पुढे टेकली पाहिजे. पाय आपटल्यावर मागून टेकवलेली काठी म्हणजे गाडी आदळल्यावर दाबलेला ब्रेक.

उतरताना काठीचे टोक पुढच्या खालच्या जागी टेकायचे असल्याने काठी पाच-दहा सेंटिमीटर लांब हवी. चढताना तितकीच आखूड. गिर्यारोहणाच्या नव्या काठ्यांना म्हणूनच दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे भाग असतात. सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी लांबी ठेवतात. आपल्याकडच्या धनगराने हा प्रश्न सोप्या रीतीने सोडवला आहे. त्याच्या काठीला मूठ नसते आणि ती खांद्याच्याही वर पोहोचते. चढावर तो ती खाली धरतो, उतारावर वर धरतो. लांबी बदलण्याऐवजी पकड बदलायची!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काठ्या घेतल्याने सर्वच श्रम वाचतात असे नाही. सपाटीवर दोन काठ्या जोराने रेटत चालले तर त्याच वेगाला शरीर जास्त प्राणवायू वापरते, कारण आता हातांचे आणि खांद्यांचे स्नायूही काम करतात. फिनलंडमध्ये बर्फ नसलेल्या दिवसांत स्की खेळाडू अशा रीतीने सराव करीत, त्यातूनच 'नॉर्डिक चाल' हा व्यायाम निघाला. मग काठीने मिळते काय? पायांचे काम हातांना वाटून दिले जाते आणि सांध्यांवरचा भार उतरतो. दमछाक तेवढीच राहिली तरी गुडघे वाचतात.

काठी केव्हा सरकते?

गुळगुळीत जमिनीवर काठी तिरपी टेकवून दाबली तर एका ठरावीक तिरपेपणानंतर ती सटकन घसरते. तो तिरपेपणा मोजता येतो. काठीचे टोक फरशीवर ठेवा. खुर्चीवर बसून, काठीच्याच दिशेने हलका दाब देत, ती हळूहळू तिरपी करा. घसरली त्या क्षणी हाताची जमिनीपासून उंची किती होती आणि हाताच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टोक किती दूर होते, हे मित्राला मोजायला सांगा. अंतराला उंचीने भागा. येणारी संख्या म्हणजे रबर आणि फरशी यांच्यातील घर्षणगुणांक.

समजा, कोरड्या फरशीवर तो ०.७ आला. म्हणजे एक मीटर उंचीला काठी ७० सेंटिमीटर पुढे टेकवली तरी चालेल. हाच गुणांक शेवाळलेल्या ओल्या दगडावर ०.२ असेल, तर २० सेंटिमीटरपलीकडे गेलात की काठी घसरलीच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याला वाटते की काठी घसरत असेल तर ती अधिक जोराने दाबावी. पण दाब दुप्पट केला की घर्षण दुप्पट होते, आणि काठीला पुढे ढकलणारे बलही दुप्पट होते. त्यामुळे मर्यादेपेक्षा तिरपी टेकलेली काठी कितीही जोर लावला तरी घसरणारच. निसरड्या जागी उपाय एकच : काठी जवळ आणि उभी टेकवा.

मातीत, मुरुमात धातूचे अणकुचीदार टोक रुतून बसते, तिथे ते रबरापेक्षा चांगले. गुळगुळीत कातळावर आणि गडाच्या पायऱ्यांवर रबर चांगले. शिवाय धातूच्या टोकांनी शतकानुशतकांच्या पायऱ्यांवर ओरखडे उठतात. आपला गुडघा वाचवताना गडाला इजा कशाला?

पोकळ, पण मजबूत

गिर्यारोहणाची काठी आतून पोकळ असते. बांबूही पोकळच. पोकळ वस्तू कमजोर असायला हवी ना? हिशेब करून पाहा. बाहेरून १८ आणि आतून १६ मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची नळी घ्या. तेवढ्याच धातूची भरीव सळई केली तर तिचा व्यास होतो जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर. वजन दोन्हींचे सारखे. पण वाकण्याला नळीचा विरोध सळईच्या सुमारे साडेआठ पट असतो. काठी वाकताना तिच्या एका बाजूचे द्रव्य ताणले जाते आणि दुसऱ्या बाजूचे दाबले जाते. मध्यभागचे द्रव्य जवळजवळ रिकामे बसलेले असते. नळीत ते मध्यातून काढून कडेला, कामाच्या जागी आणलेले असते. बांबूत हीच रचना निसर्गाने केली आहे, आणि मधल्या गाठींमुळे त्याची नळी चपटी होत नाही.

लांब काठी दाबली की ती मधोमध फुगून वाकते. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली याचे सूत्र दिले. त्यानुसार काठीची लांबी दुप्पट केली तर ती वाकवायला चौथाई भार पुरतो. म्हणून सरकत्या काठीवर जिथे थांबण्याची खूण असते तिच्यापलीकडे ती ओढू नका. जंगलातली काठी घ्यायची तर वाळून पडलेलीच घ्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. तिची हिरवी काठी तोडली तर त्या झाडाचे फुलणे आपण हिरावून घेतो.

काठीची मर्यादा

ओढा ओलांडताना तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करा, काठी त्याच बाजूला टेकवा, आणि दोन पाय व काठी या तिघांपैकी एका वेळी एकच हलवत आडवे सरका. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा. पण लक्षात असू द्या, पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पाणी गढूळ, वेगवान किंवा गुडघ्याच्या वर असेल तर काठीवर विसंबून उतरू नका. थांबा किंवा मागे फिरा.

गवतातून जाताना काठी जमिनीवर आपटत चाला. सापाला बाहेरचा कान नसला तरी जमिनीची कंपने त्याच्या जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोहोचतात, आणि बहुधा तो वाटेतून दूर होतो. शेतकरी रात्री घुंगुरकाठी आपटत रानात जातात, ते उगीच नव्हे.

आणि काही ठिकाणी काठी बाजूला ठेवणे हेच शहाणपण. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तिथे किंवा कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे हवेत. काठी पाठपिशवीला बांधा. काठीला मनगटाचा पट्टा असेल तर हात खालून वर घालून मग मूठ धरा, म्हणजे भार पट्ट्यावर पडतो आणि मूठ आवळावी लागत नाही. मात्र पडण्याचा धोका असेल तिथे पट्टा काढून टाका. अडकलेला हात पडताना सावरायला उपयोगी पडत नाही.

या रविवारी तीन कामे करा. वजनकाट्याचा प्रयोग करा आणि आकडे वहीत लिहा. फरशी कोरडी आणि ओली असताना काठीचा घर्षणगुणांक काढा. आणि तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. दाराआडची काठी बाहेर काढा, आजोबांच्या किंवा आजींच्या मनगटाशी तिची उंची ताडून पाहा, टोकाचे रबर तपासा, आणि तरफेची आकृती काढून त्यांना १५० चे ७८ कसे होतात ते समजावून सांगा. शस्त्रक्रिया झाली असेल किंवा सांधा फार दुखत असेल तर काठी कशी वापरायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आजोबांनी काठी घेतली तर उत्तमच. नाहीच घेतली, तर पुढच्या सहलीला तुम्ही स्वतः काठी घेऊन गड उतरून या. नातवाच्या हातात काठी पाहिली, की आजोबांचा संकोच गळून पडायला वेळ लागणार नाही.